इओसेपा : एक स्थलनाम आणि एक वस्ती

एखादी वस्ती उजाड झाली म्हणजे ती अयशस्वी ठरली, असे अनुमान स्थानिक इतिहासाच्या लेखनात सहज केले जाते. हे अनुमान किती अपुरे असू शकते, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या यूटा राज्यातील इओसेपा. सॉल्ट लेक सिटीच्या नैर्ऋत्येस सुमारे ७५ मैलांवर, स्कल व्हॅली नावाच्या रूक्ष खोऱ्यात, हवाई बेटांतून आलेल्या मॉर्मन पंथीयांची ही वस्ती १८८९ पासून १९१७ पर्यंत नांदत होती.

प्रथम नावाचा विचार करू. ‘इओसेपा’ हे ‘जोसेफ’ या नामाचे हवाईयन रूप होय. तरुणपणी हवाईत धर्मप्रचार केलेले आणि तेथील भाषा अवगत असलेले मॉर्मन नेते जोसेफ एफ. स्मिथ यांच्यावरून ते दिले गेले. हवाईयन भाषेत व्यंजने अवघी आठ. त्यांत ‘ज’ नाही, ‘फ’ नाही, ‘स’ही नाही. शिवाय प्रत्येक अक्षर स्वरान्तच असावे लागते. त्यामुळे ‘फ’च्या जागी ‘प’ आला व अंती ‘आ’ जोडला गेला. ‘स’ मात्र बायबलच्या भाषांतरातील लेखनपरंपरेमुळे टिकून राहिला. मराठीत ‘फ’ आहे आणि शब्दान्ती व्यंजनाचा उच्चारही चालतो. म्हणून मराठी बायबलात त्याच नामाचे ‘योसेफ’ असे रूप रूढ झाले. तात्पर्य, इओसेपा हे नाव इंग्रजी भाषकांच्या नकाशावर असले, तरी त्याची घडण हवाईयन उच्चारव्यवस्थेची आहे. वस्तीतील रस्त्यांनाही हवाईयन नावे होती.

ही वस्ती शहरापासून इतक्या दूर का वसवली गेली? मंदिराच्या सान्निध्यात राहावे, या श्रद्धेने हे लोक प्रथम सॉल्ट लेक सिटीत आले होते. तेथे त्यांना वर्णभेद व रोजगाराची टंचाई यांना तोंड द्यावे लागले. १८८९ मध्येच यूटाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका हवाईयन अर्जदारास नागरिकत्व नाकारले, कारण तत्कालीन कायद्याच्या अर्थाने तो ‘श्वेतवर्णीय’ ठरत नव्हता. त्याच वर्षी, २८ ऑगस्ट रोजी, सुमारे पन्नास जण स्कल व्हॅलीत दाखल झाले. शेती व पशुपालनाचा कारभार चर्चने स्थापिलेल्या कंपनीकडे होता आणि बहुतेक रहिवासी तिच्याकडे मजुरीवर काम करीत.

कडाक्याची थंडी, आजार आणि कुष्ठरोगाचे मोजके रुग्ण यांमुळे आरंभीची वर्षे कठीण गेली. दफनभूमी झपाट्याने वाढली. तथापि पर्वतातील झऱ्यांचे पाणी पाटांनी आणून रहिवाशांनी शेते पिकविली, झाडे व फुलबागा लावल्या. पुढे लोकसंख्या दोनशेच्या वर गेली आणि १९११ मध्ये राज्यातील उत्तम राखलेली वस्ती म्हणून तिचा गौरव झाला. अखेरच्या वर्षांतील इओसेपा ही ऱ्हास पावणारी वस्ती नव्हती.

मग ती सोडली का गेली? १९१५ मध्ये हवाईतील लाये येथे मंदिर बांधण्याचा निर्णय घोषित झाला. ज्यासाठी मायभूमी सोडली, तेच आता मायभूमीत उभे राहणार होते. १९१७ पर्यंत बहुतेक रहिवासी परतले आणि जमीन एका पशुपालन कंपनीस विकली गेली. म्हणजे वस्तीच्या अंताचे कारण केवळ जमिनीत किंवा हवामानात शोधून भागत नाही. ते तिच्या स्थापनेमागील हेतूत शोधावे लागते. हेतू स्थलांतरित झाला आणि त्यामागून माणसे गेली.

अर्थात हा उलगडा सर्वस्वी समाधानकारक मानता येत नाही. परतणाऱ्यांपैकी कित्येकांची मुले यूटातच जन्मली होती आणि कित्येकांचे आप्त तेथेच पुरलेले होते. परतणे हे त्यांच्यासाठी दुसरे स्थलांतर होते. आज घरे उरलेली नाहीत. उरली आहे ती दफनभूमी. १९७१ मध्ये तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली, आणि दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस वंशज व इतर पॉलिनेशियन कुटुंबे तेथे जमून थडग्यांवर फुले वाहतात. वस्ती संपली, पण तिचे नाव उच्चारणारा समाज संपलेला नाही. स्थलनामांच्या अभ्यासकाने नकाशाइतकेच लक्ष त्या समाजाकडेही द्यावयास हवे.