केंदाळ, गाजरगवत आणि मांजरीची द्राक्षं

पुण्याजवळच्या मांजरी गावातला द्राक्षाचा वेल मुळाशी एक आणि शेंड्याला दुसरा असतो. जमिनीखाली असतो डॉगरिजचा खुंट. हे मूळचं अमेरिकेतल्या टेक्सासचं रानद्राक्ष, खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसणारं. त्यावर कलम बांधलेलं असतं थॉमसन सीडलेस किंवा तिच्या गोतावळ्यातलं एखादं वाण. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली मांजरीत सुरू झालं आणि पुढे ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ अशा वाणांतून गावाचं नाव बागायतदारांच्या तोंडी आलं. खुंटही बाहेरचा, पीकही बाहेरचं. पण हे परके आहेत म्हणून त्यांच्यावर कुणी कधी रागावलेलं नाही.

गावाच्या उत्तर अंगाला मुळा-मुठा वाहते. थंडी सरत आली की तिथे पाणी दिसेनासं होतं. बंधाऱ्याच्या मागे काठापासून काठापर्यंत हिरवीगार चादर पसरते आणि तिच्यावर जांभळी फुलं डोलतात. नवी माणसं तिला जलपर्णी म्हणतात, जुनी माणसं केंदाळ. तिचं मूळ गाव दक्षिण अमेरिकेतलं ॲमेझॉनचं खोरं.

म्हणजे एकाच शिवारात अमेरिकेतून आलेल्या दोन वनस्पती. एकीच्या जिवावर बागा उभ्या आहेत, दुसरीने नदी झाकून टाकली आहे. परिसरशास्त्रात एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायला निघालेल्या विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न पडतो तो इथेच: परकं कधी आक्रमक होतं?

‘परकी’ आणि ‘आक्रमक’ हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात, अभ्यासात मात्र ते वेगळे ठेवावे लागतात. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू हे सगळे परके. बाहेरून आलेल्या जातींपैकी थोड्याच आपल्या आपण वाढू लागतात आणि त्यांतल्याही थोड्याच मोकाट सुटून इतरांची जागा घेतात. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, सप्टेंबर २०२३ मध्ये जगभराचा हिशेब मांडला. माणसाने एका मुलखातून दुसरीकडे नेलेल्या जाती ३७ हजारांहून जास्त, त्यांपैकी घातक ठरलेल्या साडेतीन हजारांवर. शेकड्यात दहाच्या आसपास. पण जगातून नामशेष झालेल्या प्राण्या-वनस्पतींपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत या आक्रमकांचा हात होता, एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने.

परकेपणाला देशाची सीमा लागते असंही नाही. रोहू आणि कटला हे मासे गंगेच्या खोऱ्यातले. पश्चिम महाराष्ट्राच्या नद्यांत आणि धरणांत ते माणसाने आणून सोडले. भीमेच्या दृष्टीने रोहूही पाहुणाच.

जलपर्णीच्या अभ्यासात एक मराठी नाव फार आधी येतं आणि पुण्यातही ते फारसं कुणाला ठाऊक नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म मालवणचा, १८८४ सालचा. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून ती सुरू झाली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक होते. त्याआधी त्यांची हयात कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली. त्या काळात बंगाल केंदाळाने हैराण झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून आलेली ही वनस्पती पंचवीसेक वर्षांत तिथले कालवे, भातखाचरं आणि नावांच्या वाटा अडवून बसली. १९२१ मध्ये सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९३६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आघारकरांनी आपल्या सहकाऱ्यासह जलपर्णीच्या बीजधारणेचा अभ्यास केला आणि तो १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

बीजधारणेचाच अभ्यास का? कारण सारी मेख तिथे आहे. जलपर्णी दोन वाटांनी वाढते. एक वाट डोळ्यांना दिसते: रोपाला आडवे धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप धरतं. ऊब आणि खत मिळालं तर एक-दोन आठवड्यांत पसारा दुप्पट. दुसरी वाट दिसत नाही. फूल कोमेजलं की देठ वाकून पाण्यात जातो, बी तळाच्या गाळात पडतं आणि १५-२० वर्षं जिवंत राहू शकतं. यंत्राने काढलेली असते ती पहिल्या वाटेची जलपर्णी. दुसरी गाळात वाट पाहत असते.

आणि खत? ते पुणं पुरवतं. मांजरीपर्यंत येताना मुळा-मुठेने पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन्ही शहरं पोटात घेतलेली असतात. पुरती प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. उसाला जे गोणीतून द्यावं लागतं ते इथे पाण्यातून फुकट मिळतं. नदीच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका संस्थेच्या साहाय्याने ९९० कोटी रुपयांच्या योजनेचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. तिच्यात ११ प्रक्रिया केंद्रं आणि दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी शुद्ध करण्याची क्षमता धरलेली आहे. जलपर्णीचा बंदोबस्त खऱ्या अर्थाने या केंद्रांत आहे, तो नदीत उतरवलेल्या यंत्रांत नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण यंत्रं दिसतात, त्यांची निविदा निघते, छायाचित्रं येतात. पाण्यातलं नत्र कुणाला दिसत नाही.

जलपर्णीवर जगणारे भुंगेही आहेत. निओचेटिना वंशाचे हे सोंडे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले गेले. ते फक्त जलपर्णी खातात. पानावर चट्टे पाडतात आणि त्यांच्या अळ्या देठ पोखरतात. बंगळूरच्या काही तलावांत त्यांनी चांगलं काम केलं, पुढे आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही. मग इथे का नाही? सोंड्यांना जम बसवायला काही वर्षं लागतात. जी नदी पावसाळ्यात पुराबरोबर सगळी जलपर्णी वाहून नेते तिथे सोंडेही वाहून जातात, आणि उन्हाळ्यात रोपं काढून फेकली की उरलेलेही जातात. शिवाय मैलापाण्यावर पोसलेलं रोप जितकं खाल्लं जातं त्याहून वेगाने फुटतं. उपाय चुकीचा नाही, त्याला लागणारं स्थैर्य या नदीत नाही. एकाच ठिकाणी वर्षभर महिन्याच्या महिन्याला पानांवरचे चट्टे मोजले तरच हे कळतं आणि असली मोजणी बहुतेक वेळा विद्यार्थीच करतात.

गाजरगवताची गोष्ट तर थेट पुण्यातच सुरू होते. भारतात ते पसरू लागल्याची पहिली शास्त्रीय नोंद पुण्याची आहे. आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांना इथल्या उकिरड्यांवर हे अनोळखी झुडूप दिसलं आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्यावर टिपण लिहिलं. दोन-तीन पानांचं. त्या वेळी हे गवत दुर्मीळ होतं! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे अंगावर पुरळ आणि खाज घेऊन शेतकरी येऊ लागले. एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं, मग गावोगाव व्हायला वेळ कितीसा लागणार?

हे गवत अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ योजनेतल्या गव्हाबरोबर आलं, ही गोष्ट महाराष्ट्रात पारावरही सांगतात. त्याचं काँग्रेस गवत हे दुसरं नावही काही जण तेव्हाच्या काँग्रेस राजवटीशी जोडतात, तर काही पांढऱ्या टोपीशी. पण तारखा नीट जुळत नाहीत. भारताचा पी. एल. ४८० चा करार ऑगस्ट १९५६ चा, आणि रावांना हे झाड त्याआधीच पुण्यात दिसलं होतं. अमेरिकी गहू १९५१ च्या मदतीतूनही आला होता, त्यामुळे गव्हाची वाट पूर्ण नाकारता येत नाही, पण योजनेचं नाव बदलावं लागतं. एका टिपणावरची तारीख लोकांच्या तोंडच्या गोष्टीला कशी अडवते ते इथे दिसतं.

गाजरगवतावरही भुंगा आणला गेला, मेक्सिकोहून, १९८३ मध्ये. शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात, शास्त्रीय नाव झायगोग्रामा. पावसाळ्यात तो गाजरगवताची चाळण करतो. मग काही वर्षांनी तोच सूर्यफुलाच्या पानांवर खाताना आढळला आणि एकच गहजब झाला. परदेशातून मुद्दाम आणलेला कीटक पिकावर उलटला तर जबाबदार कोण? भुंग्यांचा प्रसार थांबवला गेला. तपासातून निघालं ते असं: शेजारच्या गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसले होते आणि त्यांच्या ओढीने भुंगे ती पानं कुरतडत होते. पराग पुसलेलं पान आणि पराग लागलेलं पान शेजारी ठेवून पाहण्याइतका हा साधा प्रयोग, पण त्यावर एका देशव्यापी मोहिमेचं भवितव्य ठरलं.

धारवाड-बंगळूरकडच्या संशोधकांनी आणखी एक वाट दाखवली. कॅसिया युनिफ्लोरा नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती दाट वाढली की गाजरगवताला उगवू देत नाही. पुण्याच्या रस्त्यांकडेलाही ती भरपूर दिसते. अडचण एकच: तीही अमेरिकेतूनच आलेली. तिच्या खालून आणखी काय काय नाहीसं होतं आहे, हा प्रबंधाचा विषय आहे.

मांजरीला एका लढाईत खरोखरच यश आलं. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर पांढरा लोकरी मावा पडला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र, मग कर्नाटक. ईशान्य भारत आणि बंगाल या बाजूला हा कीटक आधीपासून ठाऊक होता, दख्खनला मात्र नवा. पानांच्या खालच्या बाजूला कापूस चिकटवावा तसा पांढरा थर, वरच्या पानांवर चिकट पाझर आणि त्यावर धरलेली काळी बुरशी. दोन पुरुष उंच उसात शिरून फवारणार तरी कशी? मांजरी बुद्रुकची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये ऊस उत्पादकांच्या सहकारातूनच उभी राहिलेली. तिथले आणि कृषी विद्यापीठांतले कीटकशास्त्रज्ञ शेतात उतरले तेव्हा त्यांना माव्याबरोबर त्याला खाणारेही दिसले. कोनोबाथ्रा, ज्याला डिफाही म्हणतात, त्याची अळी जाळं विणून माव्याच्या थरात राहते आणि त्याचा फडशा पाडते. मायक्रोमसची अळीही तशीच. मग मित्रकीटक असलेली पानं तोडून दुसऱ्याच्या उसात नेऊन लावायची, शेडनेटमध्ये त्यांची वाढ करायची आणि फवारणी आवरायची, असं सुरू झालं. कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे शब्द तेव्हा शेतकऱ्यांच्या बोलण्यात आले. काही हंगामांत मावा आटोक्यात आला.

इथे शत्रूच्या मागोमाग त्याचा भक्षकही पोचला होता, जलपर्णीच्या मागे तो आला नाही. सगळा फरक या एका वाक्यात मावणारा नाही, पण बराचसा मावतो.

नदीच्या पोटातलं चित्र याहून अवघड. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी छापली, १९४४ मध्ये सुटर यांनी तिच्यात भर घातली, १९६३ मध्ये टोणपी आणि मुल्हेरकर यांनी पुन्हा मोजदाद केली, २००३ मध्ये वाघ आणि मॉडर्न कॉलेजचे हेमंत घाटे यांनी मुळा आणि मुठा पुन्हा धुंडाळल्या. जुन्या यादीतले बरेच मासे त्यांना मिळाले नाहीत. एका शहराच्या नदीची साठ वर्षांची अशी नोंद असणं ही मोठी ठेव आहे, ती टाकून देता कामा नये. मात्र यादी वाचताना जपून वाचावी लागते. मासा जाळ्यात आला नाही म्हणजे तो नाहीच असं होत नाही. जाळ्याची आस, ऋतू, जागा, सगळं सारखं असेल तरच तुलना खरी.

परके मासे मात्र जाळ्यात येतातच. भारतात १९५२ मध्ये आणलेला तिलापिया, म्हणजे मच्छीमारांचा चिलापी, आज उजनी धरणाकडच्या बाजारात नेहमीचा आहे. घरातल्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खायला आणलेला सकर मासाही तिथे सापडतो. त्याला गिऱ्हाईक नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. मुळा-मुठा मांजरीहून थेऊरकडे जाते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. पुण्यातल्या सोसायटीतून कुणी कंटाळून नदीत सोडलेला मासा भिगवणच्या जाळ्यात लागू शकतो.

मांजरीच्या खालच्या अंगाला कवडीपाट आहे. तिथल्या बंधाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे दुर्बिणी घेऊन माणसं जमतात. लडाख-तिबेटकडून चक्रवाक येतात, शेकाट्यांचे थवे उथळ पाण्यात फिरतात. जलपर्णी दाटली की उघडं पाणी लागणारी बदकं दूर जातात. पण त्याच चादरीवर जांभळी पाणकोंबडी आणि वंचक आरामात चालतात, तिच्या आडोशाला दडतात. म्हणजे सगळी जलपर्णी एका आठवड्यात खरवडून काढली तर कुणाचं भलं होतं आणि कुणाचं घरटं जातं? किती काढावी, कोणत्या महिन्यात, कोणत्या काठाने? याचं उत्तर निविदेत लिहिलेलं नसतं.

ते मिळवण्याचं साधन अगदी साधं आहे. एक मीटर लांब-रुंद चौकट, दोरी, वजनकाटा, पाण्यातला प्राणवायू मोजायचं उपकरण आणि वही. चौकट पाण्यावर टाकायची, आतली रोपं मोजायची, पानं मोजायची, सोंड्यांचे चट्टे मोजायचे, पाण्याचा नमुना घ्यायचा, मग वीस पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा आणि विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. तिथल्या प्रबंधिकेला मिळतात काही महिने. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं. गाळातलं बी वीस वर्षं थांबू शकतं.

म्हणून एकाच्या वहीनंतर दुसऱ्याची वही त्याच जागी उघडावी लागते. मांजरी बुद्रुक जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. म्हणजे नदीचा हा तुकडा आता शहराच्या हद्दीत आहे, आणि इथली द्राक्ष व उसाची संशोधन केंद्रंही. जुलैच्या पहिल्या मोठ्या पुरात सगळी जलपर्णी पुलाखालून थेऊरकडे निघून जाईल, पाणी महिनाभर मोकळं दिसेल. ऑक्टोबरात काठाच्या गाळातून दोन पानांची नवी रोपं वर येतील. चौकट टाकायची ती तेव्हा, ती बोटभर असताना.