शेतातून जाते पोते, दुकानातून येतो पुडा

गावातल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर घडीभर उभे राहा. आधी दिसतात त्या दोरीला लटकलेल्या पुड्यांच्या माळा. ज्वारी-तुरीची पोती असलीच तर मागे, अंधारात. चहात भाकरी कुस्करून खाणारी म्हातारी मंडळी अजून आहेत, पण नातवाच्या हातात सकाळीच बिस्किटाचा पुडा असतो.

पुड्यावर पुढे गव्हाची लोंबी छापलेली आणि मागे बारीक अक्षरात घटक. वजनाने जो घटक जास्त तो आधी लिहायचा, असा नियम आहे. साध्या ग्लुकोज बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचा : मैदा, साखर, पाम तेल. म्हणजे गव्हाचा कोंडा नि अंकुर मिलमध्येच काढून घेतला. पाम तेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचे. आपला शेंगदाणा, करडई त्यात कुठेच नाही. पुढे ३२२ आकडा दिसला तर दचकू नका, ते लेसिथिन. बहुधा सोयाबीनचे तेल शुद्ध करताना निघालेले. सोयाबीन आपण पोत्याने घालायचे आणि चिमूटभर विकत परत घ्यायचे! ५०० म्हणजे खायचा सोडाच. नूडल्सच्या मसाल्यातले ६२७, ६३१ मात्र चव चढवायला घातलेले असतात.

आता प्रक्रिया म्हटली की सगळे वाईट, असेही नव्हे. डाळ भरडणे, गूळ करणे, लोणचे घालणे हीसुद्धा प्रक्रियाच. ब्राझीलचे कार्लोस मोन्तेरो यांनी २००९ मध्ये अन्नाची जी प्रतवारी मांडली, तिच्यात शेवटचा गट अतिप्रक्रिया केलेल्या मालाचा. घरच्या चुलीवर जे घटक कधी येत नाहीत, ते घालून कारखान्यात बनवलेला माल तो हा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत असे पदार्थ कमी खा, असेच सांगितले आहे.

सरपंच आणि भाऊसाहेबांसाठी एक गोष्ट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमानुसार शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखर, मीठ, चरबीचे पदार्थ पोरांना विकता येत नाहीत. टेप लावून मोजून तर पाहा. दुकानदारही गावचाच, त्याचे पोट बुडवायचे कारण नाही. फुटाणे, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू त्याच दोरीला लटकवता येतात, आणि शेंगा तर त्याला गावातच मिळतील.