दोन क्लॅरिनेट आणि एक गटार

फ्रेंच संगीतकार फ्रांसिस पुलांक याने १९४७ साली आपलं एक तंतुवाद्य-चतुष्टक पॅरिसच्या प्लास पेरेरमधल्या गटारात टाकून दिलं. तालमीत ऐकलं, पटलं नाही, संपलं. त्यातल्या जीव असलेल्या सुरावटी तेवढ्या पुढे ‘सिंफोनिएत्ता’त आल्या. व्हायोलिन सोनाटाबद्दलही त्याचं मत फारसं बरं नव्हतं. तारांशी आपलं जमत नाही, फुंकून वाजवायची वाद्यं आपली, हे तो उघडपणे सांगे.

म्हणूनच त्याने काय फेकलं नाही, ते मला जास्त बोलकं वाटतं.

१९१८. महायुद्ध चालू, पुलांक एकोणीस वर्षांचा, लष्करी सेवेत. आई १९१५ साली गेली, वडील १९१७ साली. रचनाशास्त्राचं रीतसर शिक्षण नाही. शार्ल केकलँकडची शिकवणी १९२१ साली सुरू व्हायची होती. अशा पोराने दोन क्लॅरिनेटसाठी सोनाटा लिहिली. तीन भाग, सारं मिळून सहा-सात मिनिटं. संगीतकार स्त्राविन्स्कीने शब्द टाकला आणि लंडनच्या चेस्टर या प्रकाशकाने १९१९ साली ती छापली.

क्लॅरिनेट आपल्याला लग्नाच्या बँडमुळे ओळखीचा. पण त्याची एक खोड ध्यानात घ्यावी लागते. बासरीत फुंकर वाढवली की स्वर सप्तकभर चढतो. क्लॅरिनेटची नळी सरळ, एका टोकाला पत्तीने बंद. तिथे वरची कळ उघडली की षड्ज थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर उडी घेतो. त्यामुळे खालचा गडद आवाज आणि वरचा लखलखीत आवाज जणू दोन माणसांचे. पुलांकने वाद्यंही दोन जातींची घेतली: एक बी फ्लॅटमधला, दुसरा ए मधला, अर्ध्या स्वराने खाली. आधाराला पियानो नाही, खर्ज धरणारं कुणी नाही. पहिल्या भागात मात्राही सारख्या बदलतात. जुगलबंदीत सतार कुठली, सरोद कुठलं हे कानाला कळतं. इथे कोण बोललं हेच कळेनासं होतं. पोरकटपणा म्हणा हवं तर. मला तो धीट वाटतो.

१९४५ साली, शेहेचाळिसाव्या वर्षी, पुलांक या रचनेकडे परतला. क्लॅरिनेट-बासूनची आणि हॉर्न-ट्रंपेट-ट्रॉम्बोनची, १९२२ सालच्या या तिच्या दोन्ही भावंड-सोनाटाही त्याने तेव्हाच दुरुस्त केल्या. तोवर त्याच्या नावावर ‘फिग्युर ह्युमेन’सारखी बारा आवाजांच्या गायकवृंदाची भव्य रचना होती. तरुणपणीचं लिखाण लपवायला एवढं कारण अनेकांना पुरलं असतं. त्याने दोन क्लॅरिनेटना तिसरं वाद्य जोडलं नाही. आधार तेव्हाही दिला नाही.

क्लॅरिनेटला पियानोचा आधार देणारी सोनाटा त्याने पुढे १९६२ साली लिहिली, मित्र आर्थर ओनेगेरच्या स्मृतीला वाहिली. १० एप्रिल १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. क्लॅरिनेटवर जॅझवाला बेनी गुडमन, पियानोवर लेनर्ड बर्नस्टाइन. पुलांक ३० जानेवारीलाच गेला होता.