रक्ताच्या कागदावरचे आकडे

हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी, म्हणजे ‘स्टेंट’, बसविण्याचा पहिला प्रयोग १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ शहरी झाला. आज हिंगोली जिल्ह्यात, वसमतच्या बाजारात हळदीचा भाव विचारणारे आमचे मामाही छातीत तशी एक नळी बाळगून असतात!

मामांना ती नांदेडला बसविली. आठवड्याने गावात रक्त तपासले, तो कागदावर प्लेटलेट अवघ्या ७० हजार! खरे प्रमाण दीड लाख ते साडेचार लाख. मामी म्हणाल्या, “रक्त पातळ करणाऱ्या त्या गोळ्यांचाच हा प्रताप. आजपासून बंद!”

“मामी, डॉक्टरांना विचारल्यावाचून एकही गोळी चुकवायची नाही,” मी म्हटले आणि कागद घेऊन निघालो.

डॉक्टरांनी आधी जुना कागद मागितला. मग काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. प्लेटलेटचे पुंजकेच पुंजके! जांभळ्या टोपणाच्या नळीतील रसायनाने काहींच्या रक्तात त्या एकमेकींना चिकटतात, आणि यंत्राला त्या वेगवेगळ्या मोजता येत नाहीत. निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेतले. आकडा दोन लाखांवर गेला.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सहसा प्लेटलेट घटवीत नाहीत, त्यांचा चिकटपणा तेवढा काढून घेतात. त्या मनाने थांबविल्या तर नव्या जाळीतच रक्त गोठून प्राणावर बेतते. हेपारिनच्या इंजेक्शनाची तऱ्हा निराळी. क्वचित कोणाची प्लेटलेट-संख्या त्याने पाच ते दहा दिवसांत निम्म्यावर येते, आणि नवल असे की तेव्हा रक्त वाहण्यापेक्षा गुठळ्यांचेच भय अधिक! जुना कागद मागितला तो यासाठी.

पूर्वी टिक्लोपिडिन नावाची गोळी देत. तिने काहींच्या पांढऱ्या पेशी फार घटत, म्हणून दर पंधरवड्याला सुई टोचून घ्यावी लागे. आता ती मागे पडली. झटक्यानंतर पांढऱ्या पेशी थोड्या वाढतात, पण सोबत ताप असेल तर ते डॉक्टरांना कळवावे.

सलाईनमुळे हिमोग्लोबिन थोडे उतरते. मात्र ते दोन-तीन अंकांनी उतरले, जांघेत सूज आली किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो. त्या चालू असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.