'अनटचेबल' या शब्दाला इतके अर्थ आले कुठून?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा शब्द आहे 'अनटचेबल'.

क्रिकेटची कॉमेंटरी ऐकलीत तर एखाद्या बोलरबद्दल म्हणतात, 'आज हा अनटचेबल आहे'. म्हणजे याच्यापुढे कुणाचं काही चालत नाहीये. आयटीत काम करणाऱ्यांना आणखी एक वापर माहीत असेल. दहा-बारा वर्षं जुना कोड असतो, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि टीममध्ये सांगून ठेवलेलं असतं की हे मॉड्यूल अनटचेबल आहे, हात लावू नका, कुठून काय तुटेल सांगता येत नाही. एखादा बडा नेता कितीही प्रकरणं बाहेर आली तरी सुटतो, तोही अनटचेबल.

आता याच शब्दाचं मराठी करा. 'अस्पृश्य'. बोलर अस्पृश्य होता असं कुणी म्हणेल का? तोंडातूनच निघणार नाही. मी दासगावचा. आमच्या गावच्या बंदरावर १९२७ साली जे लोक उतरले, ते याच शब्दाशी भांडायला चालले होते. त्यामुळे हा शब्द कौतुक म्हणून कानावर पडला की मी थबकतो. एकाच विशेषणात 'सगळ्यांच्या वरचा' आणि 'सगळ्यांच्या खालचा' असे दोन्ही अर्थ कसे राहतात, ते आज बघू.

आधी इंग्रजीचं घराणं

इंग्रजीत स्पर्शाच्या शब्दांची दोन घराणी आहेत. एक 'टच'चं. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी दारावर किंवा घंटेवर ठोकल्याचा आवाज असावा असं मानतात, आपल्या 'टकटक'सारखा. दुसरं घराणं लॅटिन 'टांगेरे' या क्रियापदाचं, म्हणजे स्पर्श करणे. त्यातून 'कॉन्टॅक्ट' आला, 'टॅन्जिबल' आला, भूमितीतला 'टॅन्जंट' आला. वर्तुळाला एकाच बिंदूत शिवणारी रेषा, म्हणून आपण तिला स्पर्शिका म्हणतो.

गंमत पुढे आहे. प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात 'इंटिजर' लिहितो. या शब्दाचा मूळ अर्थ 'न शिवलेला'. ज्याला कुणी हात लावला नाही, ज्यातलं काही काढून घेतलं नाही, म्हणून अख्खा, पूर्ण. त्यावरूनच आपला पूर्णांक. 'इंटिग्रिटी', म्हणजे सचोटी, त्याच मुळातली. 'इन्टॅक्ट'ही तिथलाच.

आणि त्याच मुळातून 'कॉन्टेजियस' आणि 'कॉन्टॅमिनेट' हेही आले. संसर्गजन्य, दूषित करणे. म्हणजे स्पर्श झाला नाही तर शुद्ध, स्पर्श झाला तर बाटलेलं. एकाच धातूतून दोन्ही टोकं निघाली. हिंदीत असंच एक जोडपं आहे: 'अछूता' म्हणजे नवाकोरा, आणि 'अछूत' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. फरक एका कान्याचा.

इंग्रजांचा 'अनटचेबल'

'अनटचेबल' हे विशेषण इंग्रजीत सोळाव्या शतकापासून सापडतं. तेव्हा त्यात जातीचा मागमूस नव्हता. पहिला अर्थ अगदी शब्दशः: ज्याला देहच नाही, ते. आत्मा, हवा, असल्या गोष्टी. पुढे अर्थ सरकला: ज्याच्यापर्यंत हात पोचत नाही असा. मग आणखी सरकला: ज्याला कायद्याने हात लावता येत नाही असा. या सगळ्या अर्थांत एक गोष्ट सारखी आहे. स्पर्श करू पाहणारा कमी पडतो. ज्याला शिवता येत नाही तो उंचावर आहे किंवा दूर आहे.

मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा शब्द हिंदुस्थानातल्या जातींसाठी वापरात येऊ लागला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नाम म्हणून रुळला. 'अनटचेबल्स', म्हणजे माणसांचा एक वर्गच. 'अस्पृश्य' हा शब्द आपल्याकडे जुना, विष्णुधर्मसूत्रातही येतो. इंग्रजीने त्याच्यासाठी स्वतःचं तयार विशेषण उचललं आणि दिशा उलटी केली. आता शिवता न येणारा माणूस खाली होता.

'य' या प्रत्ययात काय दडलंय

इथे जरा व्याकरण. घाबरू नका, दोन मिनिटांचंच आहे.

'स्पृश्य' मधला 'य' आपण रोज वापरतो. 'दृश्य' म्हणजे दिसू शकणारं. 'शक्य' म्हणजे होऊ शकणारं. पण 'पूज्य' म्हणजे ज्याची पूजा करावी असा, 'त्याज्य' म्हणजे जे टाकावं असं. म्हणजे हा 'य' दोन कामं करतो. कधी 'शकतो' सांगतो, कधी 'पाहिजे' सांगतो. 'अस्पृश्य' मध्ये काम दुसरं आहे. त्याला शिवता येत नाही असं नाही, त्याला शिवू नये असा नियम आहे.

इंग्रजीत 'एबल' हा प्रत्यय मुख्यतः 'शकतो'चं काम करतो. रीडेबल, वॉशेबल. 'पेएबल' सारखे काही शब्द 'पाहिजे' सांगतात, पण ते थोडे. त्यामुळे 'अनटचेबल' ऐकणाऱ्याला वाटतं की हा त्या माणसाचाच काहीतरी गुण आहे. कापड जसं वॉशेबल असतं तसा माणूस अनटचेबल.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. सिस्टिममध्ये एखादी फाइल उघडायला गेलात आणि 'परवानगी नाही' असा मेसेज आला, तर तो नियम कुणीतरी लिहिलेला असतो. फाइल जन्मतः तशी नसते. नियम कुणी लिहिला, कधी लिहिला, कुणाच्या सोयीसाठी, हे शोधता येतं आणि बदलताही येतं. 'अस्पृश्य' हे विशेषण नेमकं हेच लपवतं. न शिवणारा वाक्यातून गायब होतो आणि उरतो फक्त तो, ज्याला शिवायचं नाही.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. पूजेआधी सोवळं नेसलेली आजी म्हणायची, 'मला शिवू नका रे'. तिलाही कुणी शिवायचं नाही. व्याकरणाने तीही अस्पृश्यच. पण तिला तो शब्द कधी लागला नाही. ती 'सोवळ्यात' असायची. वरच्या बाजूला एक शब्द, खालच्या बाजूला दुसरा.

दासगाव ते महाड

आता गावाकडे येऊ. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला आणि तो मंजूर झाला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं करायचा ठराव केला. म्हणजे कागदावर नियम बदलला होता. तरी तळ्यावर कुणी जाऊ शकत नव्हतं.

२० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेतले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि गावातल्या सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की त्या तळ्यावर इतर धर्माचे लोक जात, गुरंढोरंही पाणी पीत. गुरांच्या तोंडाने न बाटणारं पाणी माणसाच्या ओंजळीने बाटलं. मग प्रश्न स्वच्छतेचा उरतो का?

दुसरी परिषद त्याच वर्षी डिसेंबरात. मुंबईहून धरमतरमार्गे आलं तर मोटारवाले नेणार नाहीत अशी शक्यता होती. म्हणून बाबासाहेब आणि प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ डिसेंबर १९२७ ला दासगाव बंदरावर उतरले. तिथून महाडपर्यंतचे सुमारे पाच मैल मिरवणुकीने चालत. त्याच रात्री परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्यावर मात्र कोर्टाची मनाई आल्यामुळे ते गेले नाहीत.

खटला पुढे दहा वर्षं चालला. विरोधकांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की अशी रूढी सिद्ध झालेली नाही. मला हा निकाल भाषेच्या अंगानेही महत्त्वाचा वाटतो. जे जन्मजात म्हणून सांगितलं जात होतं, त्याचा पुरावा मागितला गेला आणि तो देता आला नाही.

ज्यांनी स्वतः शब्द निवडले

या चळवळीने स्वतःसाठी घेतलेले शब्द बघा. १९२४ ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. एप्रिल १९२७ मध्ये सुरू झालेलं 'बहिष्कृत भारत'. पुढे 'दलित'. 'बहिष्कृत' म्हणजे ज्याला बाहेर काढलं गेलं. 'दलित' म्हणजे ज्याला दळलं, चिरडलं गेलं. दोन्ही शब्द घडलेली कृती सांगतात. कृती आली की करणारा आला. 'कुणी काढलं?', 'कुणी चिरडलं?' हा प्रश्न लगेच विचारता येतो. 'अस्पृश्य' ऐकून तो प्रश्न सुचत नाही.

बाबासाहेब 'अस्पृश्य' हा शब्दही वापरत, पण त्याच्यासमोर 'स्पृश्य' ठेवत. इंग्रजी लिखाणात ते 'अनटचेबल्स'समोर 'टचेबल्स' लिहितात. सवर्णांना स्वतःला असं नाव असण्याची गरज कधी भासली नव्हती. 'टचेबल्स' म्हटल्याबरोबर नातं दोन बाजूंचं होतं.

अवतरणचिन्हातला शब्द

संविधानाचं कलम १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचं सांगतं. तिथे हा शब्द अवतरणचिन्हात छापलेला आहे आणि त्याची व्याख्या दिलेली नाही. मग शब्दशः अर्थ घ्यायचा का? साथीच्या रोगात वेगळं ठेवलेला माणूस? सुतकातलं घर?

मराठीत हा गोंधळ लगेच कळतो. आपल्याकडे पाळी आलेल्या बाईला 'कावळा शिवला' म्हणायचे आणि तिला तीन-चार दिवस बाजूला बसवायचे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की मात्र सगळ्यांना हायसं वाटतं. शिवण्या-न शिवण्याचे नियम घराघरात होते. पण ते काही दिवसांनी संपायचे. अंघोळ केली, सुतक फिटलं, झालं. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या पुस्तकात बाबासाहेब हाच फरक मांडतात: तात्पुरता विटाळ वेगळा, आणि जन्मापासून मरेपर्यंतची, वंशपरंपरेची अस्पृश्यता वेगळी.

सामाजिक बहिष्काराच्या एका प्रकरणात म्हैसूर हायकोर्टाने तसाच अर्थ लावला. अवतरणचिन्हांचा अर्थ असा की हा शब्द कोशातला नाही, इतिहासातला आहे. तिथे जातीवरून पाळली गेलेली प्रथाच अभिप्रेत आहे.

शिकागोचे 'अनटचेबल्स'

१९३० च्या आसपास अमेरिकेत दारूबंदी होती. शिकागोत अल कपोनच्या टोळीच्या मागे लागलेल्या एलियट नेसच्या पथकाला वृत्तपत्रांनी नाव दिलं, 'द अनटचेबल्स'. कारण ते लाच घेत नाहीत. नेसचं पुस्तक १९५७ साली आलं, मग टीव्ही मालिका, १९८७ साली सिनेमा. आपल्या बोलरपर्यंत पोचलेला कौतुकाचा अर्थ यातूनच पक्का झाला. त्याच काळात लंडनला गोलमेज परिषदेत बाबासाहेब 'अनटचेबल्स'च्या हक्कांसाठी भांडत होते. शब्द एक, साल एक, दिशा उलट.

मग आता काय करायचं?

इंग्रजीत बोलरला अनटचेबल म्हणणारा जुनाच अर्थ वापरतोय, त्यात त्याची चूक नाही. मला खटकते ती मराठी बातम्यांतली 'राजकीय अस्पृश्यता'. दोन पक्षांनी युती केली नाही की लगेच हा शब्द. युती न करणं हा दोन बरोबरीच्या माणसांतला निर्णय आहे, उद्या बदलतो. ज्यांच्या आजोबांना तळ्यावर जाऊ दिलं नाही, त्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट तशी नव्हती. 'त्यांना दूर ठेवलं', 'त्यांच्याशी संबंध तोडले' असं साधं मराठी उपलब्ध आहे. त्यात कर्ताही दिसतो.

एक सवय सुचवतो. माणसाला लावलेलं असं विशेषण दिसलं की ते क्रियापदात मोडून बघा. 'तो अस्पृश्य होता' याच्या जागी 'त्याला अमुक लोक शिवत नव्हते'. वाक्य थोडं लांब होतं, पण कुणाला जाब विचारायचा ते कळतं.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या भागात शिवाशिवीचे, विटाळाचे कुठले शब्द होते, घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि कळवा. पुढच्या भागात भेटू. जय भीम, नमस्कार.