लाकडी बैलाचा रंग

श्रावण अमावास्येला पोळा येतो. शेतकरी बैलांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल टाकतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. हा मुलांचा सण. चाकांवरचा लाकडी बैल ओढत मुले घरोघरी जातात आणि खाऊ मिळवतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली, असे सांगतात.

लाकडी बैल म्हणजे खऱ्या बैलाची लहान प्रतिकृती. तो सागाचा असेल तर दोन-तीन पिढ्या टिकतो. मात्र त्याचा रंग तितका टिकत नाही. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते आणि वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यात आकसते. जुना, कडक झालेला रंग लाकडाबरोबर फुगू-आकसू शकत नाही. म्हणून त्याला भेगा पडतात आणि पोपडे निघतात.

मी लहानपणी अकोल्यात राहत होतो. शेजारच्या मित्राकडे असाच एक जुना बैल होता. पोळ्याच्या आधी आम्ही दोघांनी तो काचकागदाने खसाखसा घासला आणि वर चकचकीत पांढरा रंग दिला. आम्हाला फार आनंद झाला. मित्राच्या आजीने बैल उलटा करून पाहिला आणि ती गप्प झाली. बैलाच्या पोटावर मित्राच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिले होते. ते आम्ही घासून टाकले होते. आजी एवढेच म्हणाली, "रंग त बजारात भेटते बाप्पा, पन तुह्या आबाचं अक्षर आता कोठून भेटल?"

त्या दिवशी मला कळले, की जुनी वस्तू दुरुस्त करणे वेगळे आणि तिला नवी करणे वेगळे.

मग दुरुस्ती कशी करावी? प्रथम वस्तू सगळ्या बाजूंनी नीट पाहावी. नाव, साल, जुनी नक्षी दिसली तर वहीत टिपून ठेवावी. मऊ ब्रशने धूळ झाडावी. नंतर किंचित ओल्या फडक्याने पुसावे. वस्तू पाण्यात बुडवू नये. निखळलेला कान किंवा शिंग फेविकॉलने चिकटवून दोऱ्याने बांधावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. भेगेत लाकडाचा बारीक भुसा व फेविकॉल कालवून भरावा. जिथला रंग गेला आहे तेवढ्याच जागी अस्तर द्यावे. ते वाळल्यावर जुन्या रंगाशी मिळता रंग पातळ हाताने लावावा. चांगला असलेला जुना रंग तसाच राहू द्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असे. ते विषारी असते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये, असा नियम लागू झाला. परंतु आपला बैल त्याआधी रंगवलेला असू शकतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत, ते काम मोठ्यांकडून करून घ्यावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

मोठी संग्रहालयेही जुन्या वस्तू अशाच जपून हाताळतात. मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे निरनिराळ्या समाजांची व व्यवसायांची माणसे दाखवणाऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. दीर्घ दुरुस्तीनंतर २००८ साली ते पुन्हा उघडले. त्या मूर्तींचे पोशाख आणि पगड्या पाहून जुनी मुंबई डोळ्यांसमोर उभी राहते. कोणी त्यांना मनाला येईल तसे रंग फासले असते, तर ही माहिती कायमची पुसली गेली असती.

तुमच्याही घरी माळ्यावर एखादे जुने खेळणे असेल. ते खाली काढा, पण ब्रश हाती घेण्यापूर्वी त्याला एकदा उलटे करून पाहा. कदाचित तेथे कोणाचे तरी अक्षर तुमची वाट पाहत असेल.

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नमुना
आकसणे – आकाराने लहान होणे
पोपडा – सुटून आलेला रंगाचा थर
अस्तर – रंगाखाली द्यायचा पहिला थर

स्वाध्याय
१. लाकडी बैलाच्या रंगाला भेगा का पडतात?
२. आजी गप्प का झाली?
३. 'दुरुस्त करणे' आणि 'नवी करणे' यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.