लष्कर देशाचे, पक्षाचे नव्हे

मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबर रोजी मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते. परंतु १९४८ सालच्या त्या दिवसानंतर बीड जिल्हा सुमारे पंधरा महिने लष्करी अमलाखाली होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. लष्कर आणि गुप्तचर यंत्रणा यांनी देशांतर्गत राजकारणापासून दूर का राहावे, याचा बोध आपल्याच जिल्ह्याच्या या इतिहासातून होतो.

बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कासीम रझवी यांच्या रझाकारांनी संस्थानात दहशत माजविली होती. रझाकार हे एका राजकीय संघटनेचे सशस्त्र दल होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मेजर जनरल जे. एन. चौधरी हे लष्करी प्रशासक झाले.

त्यांच्या कारकिर्दीत, १९४९ मध्ये, जहागिरदारी रद्द झाली. हे काम लोकहिताचेच होते. तथापि दुसरी बाजूही विसरता येत नाही. पोलीस कारवाईच्या वेळी व त्यानंतर शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यासह अनेक भागांत मुसलमान नागरिकांच्या हत्या झाल्याचे पंडित सुंदरलाल समितीने नोंदविले. काही ठिकाणी गणवेशधारी माणसांचाही त्यात सहभाग असल्याचे समितीचे म्हणणे होते. हा अहवाल अनेक दशके जनतेपुढे आला नाही. बंदूक आणि शासन एकाच हाती असले, म्हणजे पीडिताने दाद कोणाकडे मागावी?

चौधरी दिल्लीतील मुलकी सरकारला उत्तरदायी होते. १९४९ च्या अखेरीस त्यांची कारकीर्द संपली आणि कारभार मुलकी अधिकारी एम. के. वेलोडी यांच्याकडे आला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडने लोकसभेवर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे यांना निवडून दिले. ज्या कम्युनिस्टांविरुद्ध तेलंगणात लष्कर वापरले गेले, ते या आघाडीत होते. तरीही मतदारांचा कौल मान्य झाला. हेच जनरल चौधरी पुढे १९६२ मध्ये लष्करप्रमुख झाले. तेव्हाही सत्ता लोकनियुक्त सरकारच्याच हाती राहिली. शेजारच्या पाकिस्तानात मात्र १९५८ मध्येच सेनापती अयूब खान यांनी सत्ता हाती घेतली होती.

आपल्याकडे ही मर्यादा कायद्याने घातली आहे. सैनिकाला मताचा अधिकार आहे, तो टपालानेही मत देऊ शकतो. मात्र लष्करी कायदा १९५० व त्याखालील नियमांनुसार त्याला पक्षाच्या सभेत वा प्रचारात भाग घेता येत नाही. गुप्तचर संघटनांतील कर्मचाऱ्यांवर १९८५ च्या कायद्याने अशीच बंधने आहेत.

तथापि गुप्तचर यंत्रणेचा धोका निराळा आहे. तिचे काम डोळ्यांना दिसत नाही. आणीबाणीत (१९७५-७७) अशा यंत्रणांचा राजकीय हेतूंसाठी गैरवापर झाल्याचे शहा आयोगाने दाखवून दिले. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या आदेशांची समितीमार्फत फेरतपासणी झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले. परंतु १८८७ पासून चालत आलेल्या इंटेलिजन्स ब्युरोचे अधिकार ठरविणारा स्वतंत्र कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

येथे नागरिकांचेही कर्तव्य आहे. प्रचारात जवानांची छायाचित्रे वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये दिली आणि २०१९ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. असा फलक आपल्या गावात दिसला, तर तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याविरुद्ध आयोगाकडे तक्रार करावी. जवान सर्वांचे रक्षण करतो; त्याच्या नावावर कोणा एकाने मते मागणे योग्य नव्हे.